राज्यकर्त्याचे दफ्तर आणि त्याचा धनी

राज्यकर्त्याची आठवण दोन प्रकारांनी मागे उरते. एक, त्याने किंवा त्याच्या चाहत्यांनी कोरून ठेवलेली प्रशस्ती. आणि दुसरी, त्याच्या कचेरीत रोजच्या रोज साचत गेलेले दफ्तर. प्रशस्ती जगाने वाचावी म्हणूनच लिहिलेली असते. दफ्तर लिहिताना मात्र जगाची आठवण फारशी कोणास नसते. हातातले काम पुढे सरकावे एवढ्याचसाठी ते लिहिले जाते. म्हणून ताम्रपटावरचा राजा सदैव दिग्विजयी, दानशूर आणि प्रजेचा कनवाळू असतो. तर दफ्तरातला राजा कधी धीरोदात्त, कधी भेदरलेला, कधी न्यायी, तर कधी सूडाने पेटलेला असा दिसतो. इतिहासास दोहोंचीही गरज आहे. परंतु नीतीच्या दृष्टीने येथे दोन प्रश्न उभे राहतात. या दफ्तराचा धनी कोण: ज्याने राज्य केले तो, की ज्यांच्या नावाने राज्य झाले ते लोक? आणि राज्यकर्त्याचे कुटुंबीय व अनुयायी त्याचे स्मारक उभारतात, तेव्हा त्याच्या अपराधाची कथाही सांगण्याचे बंधन त्यांच्यावर येते काय?

हे प्रश्न केवळ तर्काचे नव्हेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ते प्रत्यक्ष न्यायालयात लढले गेले, विधिमंडळात कायद्याच्या रूपाने सोडविले गेले आणि शेवटी एका संग्रहालयाच्या भिंतींवर येऊन ठेपले. रिचर्ड निक्सन या राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीचे दफ्तर हा त्या साऱ्या वादाचा विषय होता. या प्रकरणात राजकारणापेक्षा धर्माधर्माचाच विचार अधिक आहे असे आम्हांस वाटते, आणि म्हणून ते आमच्या वाचकांपुढे मांडावे असे आम्ही योजिले आहे.

त्या देशात पहिल्या राष्ट्राध्यक्षापासून अशी रूढी होती की, पदावरून उतरणाऱ्याने आपले कागदपत्र आपल्याबरोबर घरी न्यावेत. वॉशिंग्टनने ते नेले, आणि पुढच्यांनी त्याचेच अनुकरण केले. कागद घरी गेले की त्यांचे नशीब घरच्या माणसांच्या हाती. चेस्टर आर्थर यांनी १८८६ साली मृत्यू समीप आला असता आपले बहुतेक कागद जाळावयास लावले. वॉरन हार्डिंग १९२३ मध्ये पदावर असतानाच वारले, तेव्हा त्यांच्या पत्नीने त्यांच्या पत्रांपैकी बरीचशी अग्नीच्या स्वाधीन केली. एब्राहम लिंकनच्या मुलाने, रॉबर्ट लिंकन यांनी, वडिलांचे कागद जिवापाड जपले. ते राष्ट्रीय ग्रंथालयास दिलेही. परंतु आपल्या मृत्यूनंतर एकवीस वर्षे ते कोणी उघडू नयेत अशी अट घातली. रॉबर्ट १९२६ साली वारले आणि ते कागद १९४७ च्या जुलैमध्ये उघडले गेले. लिंकनच्या हत्येस तेव्हा ब्याऐंशी वर्षे उलटून गेली होती.

फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी या रूढीस पहिले वळण दिले. हाइड पार्क या आपल्या गावी, आपल्याच जमिनीवर त्यांनी एक ग्रंथालय उभारविले, आपले कागद त्यात ठेविले आणि ती इमारत कागदांसह राष्ट्रास अर्पण केली. १९४१ साली ते ग्रंथालय लोकांस खुले झाले. १९५५ मध्ये विधिमंडळाने कायदा करून हीच पद्धत सर्वांसाठी घालून दिली: इमारत चाहत्यांच्या देणग्यांतून उभी राहावी, व्यवस्था सरकारच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने पाहावी आणि कागद राष्ट्राध्यक्षाने स्वखुशीने द्यावेत. या पद्धतीत चांगुलपणा होता. पण एक मूलभूत गोष्ट तशीच राहिली. कागद देणे हे अजूनही दानच होते. जे दान असते ते देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते. तो अटी घालू शकतो, निवडून देऊ शकतो आणि मनात आले तर देणारही नाही. लोकांच्या कारभाराचा हिशेब लोकांस देणे हे दान आहे की ऋण, हा प्रश्न रूझवेल्टसारख्या उदार माणसामुळे कोणास पडलाच नाही. तो पडावयास निक्सनसारखा माणूस यावा लागला.

निक्सन १९६९ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्यापूर्वीच्या काही राष्ट्राध्यक्षांनीही निवडक संभाषणे गुप्तपणे मुद्रित केली होती. परंतु निक्सन यांनी १९७१ च्या फेब्रुवारीत जी यंत्रणा बसविली ती निराळी होती. कार्यालयात कोणाचा आवाज उमटला की ती आपोआप सुरू होई. यंत्राला आवडनिवड नसते. धन्याची मुत्सद्देगिरी त्याने जितक्या निष्ठेने टिपली, तितक्याच निष्ठेने त्याची शिवीगाळ आणि कारस्थानेही टिपली. जुलै १९७३ पर्यंत सुमारे ३,७०० तासांचे संभाषण त्या फितींवर साठले. आमच्याकडे चित्रगुप्ताची वही हे परलोकीचे साधन मानले जाते; या गृहस्थाने आपल्यासाठी एक चित्रगुप्त आपल्याच घरात, आपल्याच हुकुमाने बसवून घेतला.

पुढची कथा सुप्रसिद्ध आहे. १७ जून १९७२ रोजी वॉशिंग्टनमधील वॉटरगेट इमारतीत, विरोधी पक्षाच्या कचेरीत, काही माणसे चोरून शिरली असता पकडली गेली. त्यांचे धागेदोरे राष्ट्राध्यक्षांच्या निवडणूक समितीपर्यंत पोचत होते. चौकशी दडपण्याचे प्रयत्न झाले. १६ जुलै १९७३ रोजी अलेक्झांडर बटरफील्ड या माजी साहाय्यकाने सिनेटच्या समितीपुढे या ध्वनिफितींचे अस्तित्व उघड केले आणि तेव्हापासून साऱ्या देशाचे लक्ष त्यांवर खिळले. २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी निर्णय दिला की, मागितलेल्या फिती न्यायालयास दिल्याच पाहिजेत. त्यांतल्या एका फितीवर, घरफोडीनंतर सहाव्याच दिवशी, चौकशीस आडकाठी घालण्याच्या योजनेस राष्ट्राध्यक्ष स्वतः संमती देत असल्याचे ऐकू आले. ९ ऑगस्ट रोजी निक्सन पायउतार झाले.

येथपर्यंतचा भाग गुन्हा आणि शासन यांचा आहे. आमच्या विषयाचा प्रारंभ येथून पुढे होतो. ८ सप्टेंबर १९७४ रोजी नवे राष्ट्राध्यक्ष जेरल्ड फोर्ड यांनी निक्सन यांस क्षमादान दिले, आणि त्याच दिवशी एक करारही जाहीर झाला. सुमारे ४ कोटी २० लाख पाने आणि ८८० ध्वनिफिती एवढे ते दफ्तर. करारान्वये त्याची मालकी निक्सन यांची मानण्यात आली. फितींविषयी तर असे ठरले की, निक्सन यांच्या मृत्यूनंतर अथवा १ सप्टेंबर १९८४ रोजी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, त्या नष्ट कराव्यात. जुन्या रूढीने पाहता यात गैर काहीच नव्हते. आर्थर यांनी जाळले, हार्डिंगबाईंनी जाळले. मग निक्सन यांनीच काय घोडे मारले?

परंतु लोकांचे मन या वेळी रूढीपाशी थांबले नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळाने खास कायदा करून हा करार मोडीत काढला आणि सारे दफ्तर सरकारच्या ताब्यात घेतले. निक्सन न्यायालयात गेले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो कायदा वैध ठरविला. १९७८ मध्ये आणखी एक कायदा झाला आणि त्याने असे ठरविले की, २० जानेवारी १९८१ पासून पुढे पद ग्रहण करणाऱ्या राष्ट्राध्यक्षांचे कारभारविषयक कागद हे आरंभापासूनच राष्ट्राच्या मालकीचे होत. जे दीडशतकाहून अधिक काळ दान मानले गेले, ते त्या दिवसापासून ऋण ठरले.

आमच्या वाचकांपैकी अनेकांचा देवस्थानाच्या कारभाराशी संबंध येतो, म्हणून हा भेद त्यांस समजावून सांगण्याची गरज नाही. मुखत्यार असो वा खजिनदार, मुदत संपली की तो किल्ल्या, दागदागिने आणि चोपड्या नव्या समितीच्या स्वाधीन करतो. चोपडीतले अक्षर त्याचे असेल, शाई त्याच्या पदरची असेल, रात्री जागून हिशेब त्याने जुळविला असेल. तरी चोपडी देवाची. धर्मशास्त्राप्रमाणे आणि आजच्या कायद्याप्रमाणेही द्रव्याचा स्वामी देव आहे आणि माणूस केवळ त्याचा व्यवस्थापक. एखादा खजिनदार चोपडी घरी नेऊन म्हणेल की, ती मी लिहिली म्हणून माझी, आणि मी मेल्यावर ती जाळा, तर महाजनांच्या सभेत त्याची काय संभावना होईल हे सांगावयास नको. हिशेब जाळणाऱ्याने पैसा खाल्लाच असेल असे नाही. परंतु आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याचा मार्ग त्याने स्वतःच बंद केलेला असतो, आणि इतरांनी त्याच्यावर टाकलेल्या विश्वासाचा भंग तर तेथेच झालेला असतो.

तथापि या न्यायनिवाड्यास एक पुरवणी आहे आणि ती आम्हांस फार विचार करावयास लावणारी वाटते. १९९२ मध्ये तेथील अपील न्यायालयाने असा निर्णय दिला की, १९७४ पर्यंतची रूढी पाहता त्या कागदांवर निक्सन यांचा मालकी हक्क खरोखरच होता, आणि सरकारने ते घेतले असतील तर भरपाई देणे प्राप्त आहे. निक्सन १९९४ साली वारले. पुढे २००० साली त्यांच्या वारसांशी १ कोटी ८० लाख डॉलरांची तडजोड झाली. पुष्कळांस हा प्रकार हास्यास्पद वाटला. ज्याने लोकांस फसविले त्याच्या घरच्यांस, त्या फसवणुकीच्याच पुराव्याची किंमत लोकांनी मोजावी! परंतु आम्हांस त्यात एक प्रकारचा सरळपणा दिसतो. नीतीचा नियम समाजास उशिरा उमगला, तर त्या उशिराचा बोजा एकाच माणसाच्या माथी मारून मोकळे होणे योग्य नव्हे. ज्याचा आपण तिरस्कार करतो त्याच्याशीही व्यवहार चोख ठेवणे, हे न्यायाचे पहिले लक्षण आहे.

या मताविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, राज्यकर्ता झाला तरी तोही माणूसच. घरच्यांशी बोललेले शब्द, आजारपण, मनाच्या कमजोर घटका या गोष्टी चव्हाट्यावर मांडण्याचा हक्क कोणास पोचतो? हा आक्षेप आम्ही पूर्णपणे मान्य करतो, आणि त्या कायद्यानेही तो मान्य केला होता. जे निव्वळ खाजगी ते वेगळे काढून कुटुंबास परत करावे असा दंडक घातला गेला, आणि अभिलेखागाराच्या माणसांना ती निवड एकेक फीत ऐकून, वर्षानुवर्षे खपून करावी लागली. लोकांस हिशेब हवा. माणसाचे अंतःकरण उघडेनागडे करण्याचा परवाना त्यांस नको.

दुसरा आक्षेप याहून कठीण. आपले प्रत्येक अक्षर उद्या उघडे पडणार हे कळले, की शहाणा कारभारी लिहिणेच सोडून देतो. मसलत दारामागे होते, निर्णय कानात सांगितला जातो, आणि दफ्तरात उरतात ते नुसते गुळगुळीत कागद. निक्सन यांच्यानंतरच्या कोणा राष्ट्राध्यक्षाने तशी सर्वसंग्राहक ध्वनियंत्रणा बसविल्याचे उघडकीस आलेले नाही, यावरून या आक्षेपात तथ्य आहे हे दिसून येते. मग सत्याच्या हव्यासाने आपण सत्याचा झराच आटविला असे झाले नाही काय?

यावर आमचे उत्तर असे की, उघडणे आणि जाळणे यांच्या मध्ये तिसरी एक वाट आहे, ती म्हणजे थांबणे. रॉबर्ट लिंकनने एकवीस वर्षांचे कुलूप घातले. पण किल्ली फेकून दिली नाही. १९७८ च्या कायद्यानेही राष्ट्राध्यक्षास काही नाजूक वर्गांतील कागद बारा वर्षांपर्यंत बंद ठेवण्याची मुभा दिली. ज्यांना धक्का लागावयाचा ती माणसे बाजूला होतात, घाव निवतात, आणि मग कागद बोलू लागतो. काळाचा पडदा हा सभ्यतेचा भाग आहे. अग्नी मात्र पडदा नव्हे. तो पुढच्या पिढ्यांचा प्रश्न विचारण्याचा अधिकारच भस्म करतो. आणि एवढे करूनही जो कारभारी काहीच लिहिणार नाही, त्याच्या मौनाचा अर्थ पुढची माणसे आपल्या बुद्धीप्रमाणे लावतीलच.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे स्मारकाकडे वळू. कॅलिफोर्नियात योर्बा लिंडा हे निक्सन यांचे जन्मगाव. तेथे त्यांच्या चाहत्यांनी १९९० साली त्यांच्या नावाचे ग्रंथालय व संग्रहालय उभे केले. ती संस्था खाजगी होती. मौज अशी की, तीत त्यांच्या कारकिर्दीचे मूळ दफ्तर नव्हतेच. १९७४ च्या कायद्यामुळे ते वॉशिंग्टनच्या परिसराबाहेर नेता येत नव्हते. अशा रीतीने दफ्तर एका किनाऱ्यास आणि प्रदर्शन दुसऱ्या किनाऱ्यास, अशी फारकत झाली. आणि पुराव्यावाचून उभ्या राहिलेल्या प्रदर्शनाचे जे व्हावयाचे तेच झाले. वॉटरगेटचे दालन तेथे होते. पण ते प्रकरण म्हणजे विरोधकांनी घडवून आणलेला एक प्रकारचा सत्तापालटच होता असा त्याचा सूर होता, आणि फितींतील भाग ऐकविला जाई तोही काटछाट केलेला. ताम्रपटाची परंपरा विसाव्या शतकाच्या अखेरीसही अशी अबाधित होती.

२००४ मध्ये कायद्यात बदल झाला, २००७ च्या जुलैत ते संग्रहालय राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात आले आणि दफ्तराचा तिकडे जाण्याचा मार्ग मोकळा झाला. पहिले सरकारी संचालक टिमोथी नफ्ताली हे इतिहासकार होते. त्यांनी वॉटरगेटचे जुने दालन काढून टाकले. त्या घटनांत भाग घेतलेल्या, निक्सन यांच्या बाजूच्या आणि विरुद्ध बाजूच्या, शंभराहून अधिक माणसांच्या मुलाखती मुद्रित केल्या. मूळ फिती आणि कागद यांवरून नवे दालन रचले. निक्सन यांच्या नावाने चालणाऱ्या प्रतिष्ठानाने त्यावर विस्तृत लेखी हरकती घेतल्या. त्यांत वेळ गेला. परंतु ३१ मार्च २०११ रोजी ते दालन उघडले. ज्या अंगणात त्या माणसाचे जन्मघर आहे, ज्या भूमीत तो आणि त्याची पत्नी चिरनिद्रा घेत आहेत, त्याच आवारात त्याचा अपराध त्याच्याच आवाजात ऐकविला जाऊ लागला.

हे क्रौर्य आहे असे कोणी म्हणेल. मेलेल्या माणसाच्या उंबऱ्यावर त्याची निंदा कशाला? प्रतिष्ठानाच्या मंडळींच्या मनात हेच असावे, आणि त्यांची निष्ठा आम्हांस तुच्छ वाटत नाही. पण येथे आम्हांस महाभारताचे स्मरण होते. ती कथा प्रथम कोणापुढे सांगितली गेली? जनमेजयाच्या सर्पसत्रात, म्हणजे अर्जुनाच्या पणतूच्या मंडपात, त्याच्या अन्नावर, त्याच्याच इच्छेवरून. सांगण्याची आज्ञा केली ती व्यासांनी. आणि व्यास म्हणजे पांडवांचे आजोबाच. ऐकणारा वारस आणि सांगविणारा कुलपुरुष! प्रशस्ती रचावयास याहून सोयीचा प्रसंग कोणता? तरीही वैशंपायनाने काय सांगितले ते पाहावे. भीष्मांस शिखंडीच्या आडून पाडले. अश्वत्थामा मेला या अर्धसत्याने द्रोणाचार्यांच्या हातचे शस्त्र गळवले, आणि धर्मराजाचा जो रथ भूमीपासून चार अंगुळे वर चाले तो त्या क्षणी मातीला लागला. रथाचे चाक रुतले असता कर्णावर बाण सोडला. गदायुद्धाचा नियम मोडून दुर्योधनाच्या मांडीवर प्रहार केला. यांतले काहीही जनमेजयाने गाळावयास सांगितले नाही. उलट पूर्वजांच्या दोषांसकट ती कथा पावन मानली गेली, आणि त्या अर्धसत्यापायी युधिष्ठिरास नरकाचे दर्शन घ्यावे लागले हेही शेवटी सांगितले गेले. त्यामुळे पांडव लहान झाले काय? युधिष्ठिर आजही धर्मराजच आहे. किंबहुना दोष सांगितले गेले म्हणूनच त्याच्या धर्मनिष्ठेवर आपला विश्वास बसतो.

आमचे म्हणणे असे की, स्मारकाचा खरा धर्म जनमेजयाचा आहे. विरोधकांनी दोष काढले तर त्यात नवल ते काय? ज्यांनी प्रेम केले त्यांच्याच मंडपात दोष सांगितला गेला, तर ते प्रेम अंध नव्हते हे जगास कळते आणि गुणवर्णनासही मोल येते. निक्सन यांच्या कारकिर्दीत सांगण्यासारखे पुष्कळ होते. १९७२ च्या फेब्रुवारीतील चीनची भेट, त्याच वर्षी रशियाशी झालेला अण्वस्त्रमर्यादेचा करार, पर्यावरणरक्षणासाठी १९७० मध्ये स्थापन झालेले स्वतंत्र खाते, सक्तीच्या लष्करभरतीचा १९७३ मध्ये झालेला शेवट. काटछाट केलेल्या फितीशेजारी मांडली असता ही खरी कामेही संशयास्पद वाटू लागतात; पाहणारा मनात म्हणतो, एक गोष्ट झाकली, तर दुसरी रंगविलेली कशावरून नसेल? ज्यांनी आपल्या नेत्याचा दोष दडविला त्यांनी नकळत त्याच्या गुणांचाही साक्षीदार मारला.

कोणी विचारील, परक्या देशाच्या या दफ्तराशी आपल्याला काय कर्तव्य? कर्तव्य आहे, कारण त्या दफ्तरात आपणही आहोत. १९७१ मध्ये पूर्व बंगालात पाकिस्तानी लष्कराने हत्याकांड मांडले असता ढाक्यातील अमेरिकन वकिलातीचे प्रमुख आर्चर ब्लड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच सरकारच्या मौनाचा निषेध करणारी तार ६ एप्रिल रोजी धाडली. वीस अधिकाऱ्यांच्या त्यावर सह्या होत्या. वॉशिंग्टनने ती मनावर घेतली नाही आणि ब्लड यांची बदली झाली. त्या नोव्हेंबरात श्रीमती इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या. भेटीच्या दुसऱ्या दिवशी निक्सन आणि किसिंजर त्यांच्याविषयी व भारतीयांविषयी किती हलक्या भाषेत बोलले ते फितीवर राहिले. २००५ मध्ये त्या सरकारनेच हे संभाषण प्रसिद्ध केले आणि किसिंजर यांनी आपल्या शब्दांबद्दल खेद व्यक्त केला. तसा कायदा नसता तर त्या फितींची चौतीस वर्षांत राख झाली असती. ब्लड यांची तार आणि त्यांच्या धन्यांची वाणी, दोन्ही एकाच दफ्तरात जपली गेली. म्हणूनच त्या राष्ट्रात लज्जास्पद बोलणारे होते तसे लाज राखणारेही होते, हे आज आपल्याला कळते.

मात्र येथे आपल्यापुढेही एक मोह उभा असतो. शत्रूची वही उघडी पडली की ती वाचताना जी चव लागते ती न्यायाची असतेच असे नाही. त्या फितींतली शिवी तेवढी ऐकावी आणि बाकीची शेकडो तासांची फीत सोडून द्यावी, हीही काटछाटच. योर्बा लिंडाच्या जुन्या दालनात जी कात्री चालली तीच ही, फक्त हात आपला. गोमंतकीयांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोव्याचा प्रश्न सुरक्षा समितीपुढे आला, तेव्हा भारताने सैन्य मागे घ्यावे या ठरावाच्या बाजूने केनेडींच्या सरकारने मत दिले, आणि रशियाच्या नकाराधिकाराने तो ठराव पडला. त्या काळचा अमेरिकन पत्रव्यवहार आता छापून आला आहे. त्यात पोर्तुगालच्या अझोर बेटांवरील लष्करी तळाची चिंता दिसते. वसाहतवादास विरोध आणि तळाची गरज यांच्या ओढाताणीत सापडलेली माणसेही दिसतात. तो केवळ आपल्या रागास इंधन म्हणून वाचावा की समजून घेण्यासाठी वाचावा, याचा निर्णय आपल्या हाती आहे. कागद जपणाऱ्याने आपले काम केले. वाचणाऱ्याचेही काही कर्तव्य उरतेच.

आता त्या दफ्तरातील एका लहानशा वस्तूविषयी थोडे सांगून हा विषय पुरा करू. २० जून १९७२ ची, म्हणजे घरफोडीनंतर तिसऱ्या दिवसाची, एक फीत आहे. तीवर साडेअठरा मिनिटे नुसती गुणगुण ऐकू येते. तेथले संभाषण पुसले गेले आहे. निक्सन यांच्या चिटणीस रोझ मेरी वुड्स यांनी आपल्या हातून चुकून काही मिनिटांचा भाग पुसला गेला असावा असे सांगितले. न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांना ते निदान पाच वेगवेगळ्या वेळा पुसल्याच्या खुणा आढळल्या. कोणी पुसले हे सिद्ध झाले नाही. पुढे आधुनिक साधनांनी तो आवाज परत मिळविता येतो का याची परीक्षा राष्ट्रीय अभिलेखागाराने करविली. २००३ मध्ये तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. परंतु फीत टाकून दिली नाही. ती तशीच, योग्य त्या थंडाव्यात, जपून ठेविली आहे. न जाणो, पुढे कधी एखादी युक्ती निघेल.

जिच्यावर काही उरले नाही ती वस्तू जपण्यात काय हशील, असे व्यवहारी माणूस विचारील. आम्हांस मात्र साऱ्या प्रकरणाचे सार तेथे दिसते. मिटविलेली जागाही दफ्तराचाच भाग असते. चोपडीतले पान फाडले तर शिवणीत कागदाची कड राहते, आणि जाणता हिशेबनीस प्रथम तिच्यावर बोट ठेवतो. ती कड खरडून काढून चोपडी साफ दिसेल असे न करणे, ती आहे तशी पुढच्या सभेपुढे ठेवणे, एवढेच कारभारी माणसाच्या हाती असते, आणि तेवढे केले तरी पुष्कळ झाले.

आज त्या दफ्तराचा मोठा भाग घरबसल्या वाचता व ऐकता येतो. फोंड्यातल्या किंवा बेळगावातल्या कोणा विद्यार्थ्याने मनात आणले तर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा पन्नास वर्षांपूर्वीचा खाकरा त्याच्या कानी पडेल. पूर्वी राजाच्या अंतःपुरापर्यंत हेर पोचत. आता प्रजाजन पोचतो. ही सत्ता लहान नव्हे, आणि तिच्याबरोबर येणारी जबाबदारीही लहान नव्हे. दुसऱ्यांच्या राज्यकर्त्यांकडून दफ्तर उघडे ठेवण्याची अपेक्षा करणाऱ्या समाजाने आपल्या सभा, आपली देवस्थाने, आपल्या संस्था आणि आपली घराणी यांच्या चोपड्यांना कोणता न्याय लावावयाचा, हे ठरविलेले बरे. पुढच्या वार्षिक सभेत जुने जमाखर्च पटलावर आले म्हणजे त्याची पहिली परीक्षा होईल.